आधी डॉक्टर, मग हप्ता
अमेरिकेतल्या नोकरीच्या आरोग्यविम्यात नेटवर्क निवडताना

ऑक्टोबर सरता सरता एचआरचं पत्र येतं: ओपन एनरोलमेंट सुरू झालं आहे, अमुक तारखेपर्यंत पुढच्या वर्षाचा प्लॅन निवडा. दिवाळीची गडबड असते, मंडळाचा कार्यक्रम असतो, मुलांची शाळा असते. मग शेवटच्या रात्री कोणीतरी लॉगिन करतं आणि गेल्या वर्षीचाच प्लॅन पुढे चालू ठेवतं. नाहीतर ऑफिसातल्या जुन्या मित्राला 'तू काय घेतलंस?' असं विचारून तेच घेतं. मित्राचे डॉक्टर वेगळे, त्याच्या घरातली औषधं वेगळी, पण प्लॅन तोच.

केएफएफ या संस्थेच्या २०२५ च्या पाहणीप्रमाणे नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २६,९९३ डॉलर होता. त्यातले सरासरी ६,८५० डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले गेले, उरलेले कंपनीने भरले. म्हणजे घरभाडं किंवा गृहकर्ज आणि मुलांचं डेकेअर सोडलं, तर अनेक घरांत वर्षातली ही सगळ्यात मोठी खरेदी. फ्रीज घेतानासुद्धा आपण याहून जास्त चौकशी करतो.

भारतातून नवीन आलेल्यांना एक गोष्ट मनात उलटी करून घ्यावी लागते. तिकडच्या मेडिक्लेमला पाच लाख, दहा लाख अशी मर्यादा असते आणि ती विमा कंपनीच्या खर्चाची असते. तेवढे पैसे संपले की पुढचं आपलं. इथे मर्यादा आपल्या खर्चाची असते. २०१० च्या अफोर्डेबल केअर कायद्यानंतर अत्यावश्यक उपचारांवर कंपनी वार्षिक किंवा आयुष्यभराची मर्यादा घालू शकत नाही. उलट रुग्णाच्या खिशातून वर्षाला जास्तीत जास्त किती जाईल याला कमाल आकडा असतो. त्याला आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम म्हणतात. २०२६ साठी कायद्याने तो एका माणसाला १०,६०० आणि कुटुंबाला २१,२०० डॉलरच्या वर ठेवता येत नाही. बऱ्याच कंपन्यांचे प्लॅन याच्या पुष्कळ खाली असतात. पण हे संरक्षण फक्त नेटवर्कच्या, म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-इस्पितळांच्या, आतल्या उपचारांना आहे. नेटवर्कबाहेर गेलात तर काही प्लॅनमध्ये वेगळा, बराच मोठा आकडा असतो आणि काहींमध्ये कसलाच आकडा नसतो. म्हणून माझ्या मते हप्ता बघण्याआधी नेटवर्क बघावं.

आद्याक्षरांची नावं

एचएमओमध्ये ठरावीक डॉक्टर आणि इस्पितळं असतात. एक मुख्य डॉक्टर, म्हणजे पीसीपी निवडावा लागतो आणि स्पेशालिस्टकडे जायला बहुधा त्याचं रेफरल लागतं. तातडीचे उपचार सोडले तर बाहेरच्या डॉक्टरचं बिल पूर्ण आपलं. पीपीओमध्ये रेफरल लागत नाही आणि बाहेर गेलात तरी काही टक्के मिळतात. ईपीओ या दोघांच्या मधला: रेफरल सहसा नको, पण बाहेर गेलात तर काही नाही. पीओएसमध्ये पीसीपीही असतो आणि बाहेर जायची थोडी मुभाही. एचडीएचपी हा खरं तर नेटवर्कचा प्रकार नाही. त्यात डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, मोठी असते. ती पीपीओच्याच नेटवर्कवर असू शकते, आणि बऱ्याचदा असतेच. 'पीपीओ की एचडीएचपी?' असा वाद घालणाऱ्या दोन मित्रांचे डॉक्टर अनेकदा अगदी तेच असतात.

एचएमओबद्दल आपल्या लोकांत उगाच नाक मुरडलं जातं. कॅलिफोर्नियात कैसर पर्मनंटे घेतलं की डॉक्टर, लॅब, औषधांचं दुकान आणि इस्पितळ सगळं त्यांचंच असतं. कागदपत्रं एकाच ठिकाणी राहतात, बिलांची भानगड कमी होते आणि 'हा डॉक्टर नेटवर्कमध्ये आहे का?' हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. ज्यांचं लहान मूल आहे, मोठा आजार नाही आणि जवळपास त्यांचं केंद्र आहे, त्यांना हा उत्तम सौदा असू शकतो. पण कैसर मोजक्याच राज्यांत आहे. मुलगी कॉलेजसाठी टेक्सासला जाणार असेल, तर तिला तिथे तातडीच्या उपचारांपलीकडे फारसं काही मिळणार नाही. कॉलेजचा स्वतःचा विद्यार्थी विमा असतो. अशा घरांनी दोन्हींचा हिशेब एकत्र करावा.

न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणाऱ्यांनी स्थानिक नेटवर्क असलेला एचएमओ किंवा ईपीओ घेताना जास्त जपावं. ऑफिसजवळचा डॉक्टर आत असतो, पण घराजवळचं बालरुग्णालय आत असेलच असं नाही.

क्लिनिकला फोन करताना

'तुम्ही एटना घेता का?' असं विचारलं की रिसेप्शनवरून 'हो' असंच उत्तर येतं. तेवढ्याने काही कळत नाही. एकाच विमा कंपनीची अनेक नेटवर्क्स असतात आणि त्यांतली काही मुद्दाम लहान ठेवलेली, म्हणून स्वस्त. सिग्ना असो, युनायटेड असो की राज्याराज्यांतल्या ब्लू क्रॉस कंपन्या असोत, कार्डावरच्या मोठ्या नावावर जाऊ नका. एचआरच्या कागदांत नेटवर्कचं नेमकं नाव असतं. ते शोधा आणि तेच नाव घेऊन विचारा: हा डॉक्टर, या पत्त्यावर, या नेटवर्कमध्ये, येत्या जानेवारीत असणार आहे का? चारही तुकडे महत्त्वाचे. तोच डॉक्टर सोमवारी एका पत्त्यावर आत आणि गुरुवारी दुसऱ्या पत्त्यावर बाहेर असू शकतो.

नावांची यादी आधी घरी करा. मुलांचा डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ, आईबाबांपैकी कोणाला थायरॉइड किंवा मधुमेह असेल तर तो डॉक्टर, जवळचं इस्पितळ, जवळचं अर्जंट केअर. लॅब विसरू नका. काही प्लॅन क्वेस्टकडचा रक्ततपास कमी पैशांत करून देतात, काही लॅबकॉर्पकडचा. डॉक्टरच्या खोलीत रक्त काढून घेतलं म्हणजे ते बरोबर लॅबला जातंच असं नाही. नर्सला आधी सांगावं लागतं.

विमा कंपनीच्या वेबसाइटवरची यादी जुनी असते ही सगळ्यांची तक्रार. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नो सरप्राइजेस कायद्याने कंपनीला दर ९० दिवसांनी ही यादी तपासावी लागते. यादीत नाव पाहून तुम्ही गेलात आणि डॉक्टर बाहेरचा निघाला, तर तुम्ही आतल्या दराचाच वाटा द्यायचा असतो. म्हणून यादीत नाव दिसलं त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. वाद झाला तर पुरावा तोच.

याच कायद्याचा मोठा फायदा असा की तातडीच्या विभागात कोणताही डॉक्टर बाहेरचा निघाला तरी वाटा आतल्या दराने लागतो. आतल्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली आणि भूलतज्ज्ञ बाहेरचा होता, तरीही तसंच. पूर्वी अशी बिलं घरी येऊन धडकत. एक भोक मात्र राहिलं आहे: रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स. हवाई ॲम्ब्युलन्स कायद्यात आहे, चाकांवरची नाही.

नेटवर्कबाहेर जाण्याची खरी किंमत पीपीओवाल्यांच्याही लक्षात येत नाही. मानसोपचाराचं उदाहरण घ्या, कारण तिथे विमाच न घेणारे थेरपिस्ट पुष्कळ आहेत. एका बैठकीचे २५० डॉलर. प्लॅन म्हणतो, 'बाहेरचे ६० टक्के देऊ.' पण ६० टक्के कशाचे? प्लॅनला योग्य वाटणाऱ्या रकमेचे. ती समजा १२० डॉलर धरली, तर मिळणार ७२ आणि खिशातून जाणार १७८. तेही बाहेरचं वेगळं डिडक्टिबल भरून झाल्यावर. वरचे १३० डॉलर कोणत्याही मर्यादेत मोजले जात नाहीत. ठरावीक थेरपिस्ट किंवा स्पेशालिस्ट हवाच असेल, तर 'पीपीओ आहे ना' एवढ्यावर न थांबता मान्य रक्कम किती ते फोनवर विचारून घ्या.

वर्षाचा हिशेब

आता आकडे. समजा एका कंपनीत तीन प्लॅन आहेत आणि घरात नवरा, बायको, एक मूल आहे. खालचे आकडे हिशेब दाखवण्यासाठी घेतलेले आहेत. तुमच्या कागदावरचे घालून हाच हिशेब पुन्हा करा.

पीपीओ: महिना ४२० डॉलर, डिडक्टिबल १,५००, त्यानंतर २० टक्के आपले, खिशातली कमाल ६,०००. एचडीएचपी: महिना २४०, डिडक्टिबल ४,०००, नंतर २० टक्के, कमाल ९,०००. शिवाय कंपनी एचएसए या आरोग्यखर्चाच्या बचत खात्यात ७५० डॉलर टाकते. एचएमओ: महिना ३३०, डिडक्टिबल नाही, डॉक्टरच्या भेटीला ३० डॉलर को-पे, कमाल ५,०००.

बरं वर्ष, म्हणजे वर्षभरात विम्याच्या दराने १,२०० डॉलरची बिलं. पीपीओवाल्याचा हप्ता ५,०४० आणि बिलं १,२००, एकूण ६,२४०. एचडीएचपीत २,८८० अधिक १,२०० वजा कंपनीचे ७५०, म्हणजे ३,३३०. एचएमओत हप्ता ३,९६० आणि आठ भेटींचे २४०, मिळून ४,२००.

मधलं वर्ष, समजा १५,००० डॉलरची बिलं: पीपीओ ९,२४०, एचडीएचपी ८,३३०. वाईट वर्ष, ६०,००० डॉलर: पीपीओ ११,०४०, एचडीएचपी ११,१३० आणि एचएमओ, कमाल आकडा गाठला तरी, ८,९६०.

या उदाहरणात पीपीओ एचडीएचपीपेक्षा स्वस्त पडतो तो फक्त सगळ्यात वाईट वर्षी, आणि तोही ९० डॉलरने. काही कंपन्यांत परिस्थिती याहून विचित्र असते. भार्गव, लोवेनस्टाइन आणि सिडनर या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ साली एका मोठ्या अमेरिकन कंपनीतल्या निवडींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे बहुसंख्य कर्मचाऱ्यांनी असे प्लॅन घेतले होते जे कितीही आजारपण आलं तरी दुसऱ्या एका प्लॅनपेक्षा महागच पडणार होते. कमी डिडक्टिबल दिसलं की सुरक्षित वाटतं, पण त्यासाठी वर्षभर किती जास्त हप्ता भरतोय हे कोणी मोजलं नाही. आपण मोजणारी माणसं. दोन प्लॅनच्या वार्षिक हप्त्यांतला फरक काढा, त्यात कंपनीचे एचएसएचे पैसे मिळवा आणि ती रक्कम दोन्हींच्या कमाल खर्चातल्या फरकाशी लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग पीपीओ कोणी घ्यावा? ज्यांच्या हाताशी रोख नाही त्यांनी. एचडीएचपीचा धोका वर्षाच्या बेरजेत दिसत नाही, तो जानेवारीत दिसतो. वर्ष नवं, डिडक्टिबल पुन्हा शून्यावर, एचएसएमध्ये अजून काही नाही आणि गुडघ्याचा एमआरआय निघतो. नुकते घर घेतलेल्यांनी किंवा पहिल्याच वर्षी आलेल्यांनी हे जरूर धरावं. महागडं औषध दर महिन्याला लागत असेल तर प्लॅनची औषधांची यादी आणि त्यातली पायरी बघूनच ठरवावं. एचडीएचपीला इन्शुलिनसारख्या काही गोष्टी डिडक्टिबलच्या आधी द्यायची परवानगी आहे, पण देतात की नाही हे प्लॅनवर अवलंबून. आपल्यात मधुमेह किती घरांत आहे हे सांगायला नको.

इथे एक कागद खरंच उपयोगी आहे आणि तो कोणी उघडत नाही. समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज. प्रत्येक प्लॅनला तो एकाच नमुन्यात द्यावाच लागतो, म्हणून दोन प्लॅनचे कागद शेजारी ठेवून वाचता येतात. शेवटी तीन काल्पनिक माणसं असतात: बाळंतीण पेग, मधुमेही जो आणि हाड मोडलेली मिया. प्रत्येकीचा, प्रत्येकाचा त्या प्लॅनमध्ये खिशातून किती खर्च होईल हे लिहिलेलं असतं. पुढच्या वर्षी घरात बाळ येणार असेल तर पेगची ओळ आधी वाचा.

त्याच कागदावर डिडक्टिबल प्रत्येकाचं वेगळं आहे की घरभराचं एकच, हेही सापडतं. एकच असेल तर घरातल्या एका आजारी माणसासाठी पूर्ण कौटुंबिक रक्कम भरेपर्यंत विमा सुरू होत नाही.

एचएसए: गोड, पण सगळीकडे सारखं नाही

एचडीएचपीबरोबर मिळणारं एचएसए खातं हे इथल्या करव्यवस्थेतलं दुर्मीळ औदार्य. टाकताना कर नाही, वाढताना कर नाही, औषधपाण्याला काढताना कर नाही. शिल्लक वर्षअखेरीला बुडत नाही आणि नोकरी बदलली तरी खातं आपलंच राहतं. २०२६ मध्ये एकट्याला ४,४०० आणि कुटुंबाला ८,७५० डॉलर टाकता येतात, कंपनीचे धरून. ५५ वर्षं पूर्ण झालेल्याला आणखी १,०००.

पण कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही दोन राज्यं, जिथे आपली माणसं भरपूर आहेत, एचएसएला राज्याच्या करातून सूट देत नाहीत. तिथे फायदा आहेच, फक्त ऑफिसातल्या टेक्सासच्या सहकाऱ्याने सांगितला तेवढा नाही.

दुसरा खड्डा दोघं नोकरी करणाऱ्यांसाठी. नवऱ्याने एचडीएचपी घेतला आणि बायकोने तिच्या कंपनीत नेहमीचं मेडिकल एफएसए, म्हणजे औषधपाण्यासाठीचं करमुक्त खातं, उघडलं, तर नवऱ्याला एचएसएमध्ये पैसे टाकता येत नाहीत, कारण तिचं एफएसए त्याच्याही खर्चाला चालतं. दोन वेगवेगळ्या एचआरना हे माहीत नसतं. दोघांनी एका रात्री एकाच टेबलावर बसून ठरवावं.

भारतात सुट्टीवर गेल्यावर पुण्यात दातांचं काम करून घेणारे बरेच असतात. तो खर्च एचएसएतून करता येतो. परदेशातला कायदेशीर उपचार चालतो, पावती ठेवा. तिकडून औषधांच्या बॅगा भरून इकडे आणण्याचे पैसे मात्र त्यातून काढू नका, ते चालत नाही.

लग्न, बाळ, आईवडील, नोकरी

निवड एकदा झाली की वर्षभर बदलता येत नाही. अपवाद आयुष्यातल्या मोठ्या घटनांचा: लग्न, बाळ, जोडीदाराची नोकरी आणि तिच्याबरोबर विमा जाणं. मुदत बहुधा ३० दिवसांची. डिसेंबरात नाशिकला लग्न झालं आणि जोडीदार व्हिसावर एप्रिलमध्ये येणार असेल, तर ३० दिवस लग्नाच्या तारखेपासून धावतात. एचआरला लग्नाआधीच लेखी विचारून ठेवा.

बाळाला इस्पितळातून घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यातच एचआरच्या पोर्टलवर त्याचं नाव घाला. वेळेत घातलं तर विमा जन्माच्या दिवसापासून लागू होतो. बाळाचं बिल आईच्या बिलापासून वेगळं निघतं. दोघांच्याही नोकरीचा विमा बाळाला असेल, तर पहिला विमा कोणाचा हे सहसा वाढदिवसावरून ठरतं: ज्याचा वाढदिवस कॅलेंडरमध्ये आधी येतो त्याचा. वय बघत नाहीत, महिना आणि तारीख बघतात. म्हणजे आईचा उत्तम प्लॅन असून वडिलांचा वाढदिवस फेब्रुवारीतला म्हणून त्यांचा कमजोर प्लॅन आधी उभा राहू शकतो. बाळाला दोन्हींत घालण्यापूर्वी हे तपासा. मुलं २६ वर्षांची होईपर्यंत आईबापांच्या प्लॅनवर राहू शकतात.

आईवडिलांना मात्र बहुतेक कंपन्यांचे प्लॅन घेत नाहीत. भारतात कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईबाबा असायचे, त्यामुळे हे अनेकांना उशिरा उमगतं. ते येणार असतील तर प्रवासी विमा वेगळा घ्यावा लागतो. त्यात जुने आजार सहसा वगळलेले असतात आणि ठरावीक रकमेचे स्वस्त प्लॅन इथल्या इस्पितळाच्या बिलापुढे तोकडे पडतात. त्यावर एक स्वतंत्र लेख होईल.

ले-ऑफ झाला तर वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीचा विमा कोब्रा या कायद्याखाली साधारण १८ महिने चालू ठेवता येतो. पण आता कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर २ टक्के, म्हणजे १०२ टक्के. घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस असतात आणि घेतला तर तो मागच्या तारखेपासून, मागचे हप्ते भरून लागतो. एच-१बीवाल्यांची नवी नोकरी शोधायची मुदतही जास्तीत जास्त ६० दिवसांची. त्या काळात काही मोठं आजारपण उभं राहिलं तर कोब्रा हा हातचा पर्याय. नवी नोकरी जुलैत लागली तर बहुधा डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर राजीनाम्याच्या तारखेत हेही धरा.

जानेवारीनंतर

नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे वर्षातली एक तपासणी, लसी, ४५ नंतरची कोलोनोस्कोपी अशा प्रतिबंधक गोष्टी फुकट असतात, एचडीएचपीतसुद्धा. पण त्याच भेटीत 'जरा खांदा दुखतोय' म्हणालात तर वेगळं बिल लागू शकतं. एमआरआय, सीटी इस्पितळात करण्याऐवजी स्वतंत्र केंद्रात केला तर बऱ्याचदा कितीतरी स्वस्त पडतो. डॉक्टर सांगतो त्याच इमारतीत जायलाच हवं असं नाही, पण नवं केंद्र नेटवर्कमध्ये आहे ना आणि विमा कंपनीची मंजुरी त्याच केंद्राच्या नावाने आली ना, हे पाहा. रात्री ताप आला तर अर्जंट केअर उघडं आहे का ते आधी बघा. छातीत दुखत असेल तर मात्र नेटवर्कचा विचार न करता सरळ ९११.

इस्पितळाचं बिल आलं की लगेच कार्ड काढू नका. विमा कंपनीचा ईओबी, म्हणजे कोणी किती द्यायचं ते सांगणारा कागद, येऊ द्या, त्यावर 'तुमचा वाटा' किती लिहिलाय ते बघा आणि बिलाशी जुळवा. जुळत नसेल तर तपशीलवार बिल मागा. आणि जानेवारीचा पहिला पगार आला की पे-स्लिपवर हप्ता, एचएसएची रक्कम आणि प्लॅनचं नाव तुम्ही निवडलं तेच आहे का ते बघून घ्या. चूक असेल तर त्याच आठवड्यात एचआरला कळवा.